मंजूर, जमा आणि पोच : जखमी शिपायाचा कागद कसा वाचायचा?



पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. या टप्प्यावरच्या मुलांचे कच्चे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. विषय वेगवेगळे असतात, पण एक चूक सगळीकडे भेटते. कागदावर जे मंजूर झालं ते माणसाच्या हातात पडलंच, असं धरून पुढचा सगळा युक्तिवाद रचलेला असतो.

राजेहो, आपण वऱ्हाडातली माणसं. ही चूक खरं म्हणजे आपल्याकडून व्हायलाच नको. अतिवृष्टीची मदत जाहीर होते, मग शासन निर्णय निघतो, तलाठी पंचनामा करतो, यादी लागते, यादीत नाव चुकतं, बँकेत खातं जुळत नाही, आणि कधीतरी पैसे जमा होतात. 'जाहीर' आणि 'जमा' यांत किती पायऱ्या असतात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरीही तेच पोर एम.ए., एम.एस्सी. होऊन संशोधनाला बसलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावरचं 'जाहीर' सरळ 'जमा' म्हणून वाचतं.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. इतिहासाच्या कागदांकडे मी प्रयोगशाळेतून आलेल्या माणसासारखा बघतो : हे मोजमाप कोणी घेतलं, कशाने घेतलं, आणि यंत्राला काय दिसतच नव्हतं? आज हे तीन प्रश्न एकाच माणसाच्या बाबतीत विचारू. लढाईत जखमी झालेला, पगार थकलेला, मदत मागणारा शिपाई. त्याच्याबद्दलचे तीन प्रकारचे कागद घेऊ : बखर, अर्ज आणि तह.

सुरुवातीला एक साधी साखळी लक्षात ठेवा. कोणत्याही मदतीचे चार कागद होऊ शकतात. पहिला कबुलीचा : आम्ही देतो. दुसरा हुकमाचा : अमक्याला इतके द्या. तिसरा पोचेचा : मिळाले. चौथा तक्रारीचा : मिळाले नाहीत. तुमच्या हातात यातला कोणता आहे, हे ठरवल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

बखर : कबुलीचा कागद

शिवकालीन लष्करी व्यवस्थेवरच्या प्रत्येक दुसऱ्या मसुद्यात सभासद बखरीचा एक दाखला असतो. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी जखमी लोकांना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिलं, मेलेल्यांच्या मुलांना चालवलं आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं, असं सभासद सांगतो. मसुद्यात यानंतर लगेच वाक्य येतं : 'यावरून शिवकाळात जखमी सैनिकांसाठी कल्याणकारी योजना होती हे सिद्ध होते.'

सिद्ध होते का? थोडं थांबा. प्रसंग १६५९ चा. सभासदाने लिहिलं ते सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. मध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली. त्या वेळी स्वराज्यावर औरंगजेबाचं संकट होतं आणि नव्या छत्रपतींना थोरल्या महाराजांचं चरित्र हवं होतं. म्हणजे हे लिखाण त्या दिवशीच्या खजिन्याचा हिशेब म्हणून झालेलं नाही. राजाने कसं वागावं याचा आदर्श पुढच्या राजासमोर ठेवण्यासाठी ते झालं आहे.

म्हणून ते खोटं ठरतं का? अजिबात नाही. मला तर ते फार मोलाचं वाटतं, पण वेगळ्या कारणाने. त्यातून एवढं नक्की कळतं की दरबारात वावरलेल्या एका माणसाला जखमेची किंमत मोजणं आणि विधवेला निम्मं वेतन देणं ही राज्याची जबाबदारी वाटत होती. जखम बघून दर ठरवायचा, म्हणजे कोणीतरी जखम तपासणार, वर्गवारी करणार, हीसुद्धा त्या काळाच्या मानाने बारीक कल्पना आहे. बखर ही कबुली आहे आणि कबुली म्हणून ती भक्कम आहे. तिला पोच म्हणून वापरलंत की व्हायवात पहिल्याच प्रश्नाला पाय घसरतो.

पुढचा दुवा कुठे शोधायचा? गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिशीत हुकमाचे कागद आहेत. लढाईत पडलेल्यांच्या घरच्यांना दिलेल्या नेमणुकीला 'बालपरवेशी' असा शब्दच होता. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवर १९२८ मध्ये पुस्तक लिहिलं ते अशाच नोंदींवर. तिथे बखरीतली कबुली एक पायरी खाली, हुकमापर्यंत येते. पण हुकूमही मंजुरीच आहे. फेलोशिप मंजूर झाल्याचं पत्र हातात असलेल्या संशोधक विद्यार्थ्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

तगादा : कागदाशिवायची तक्रार

तक्रारीचा कागद मराठी मुलखात तितका का दिसत नाही? एक कारण असं की तक्रार नेहमी कागदावर होत नसे. पगार थकला की शिपाई तगादा लावायचे, सरदाराच्या दारात धरणं धरायचे. टॉमस ब्राउटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याच्या १८१३ साली छापलेल्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी बसलेल्या धरण्यांची वर्णनं आहेत. धरणं हा अर्जच होता, फक्त तो दप्तरात जमा होत नव्हता. धरणं उठलं की पुरावा उठला.

आपल्याकडे यादवीही झाली. १७७२ मध्ये नागपूरकर जानोजी भोसले वारले आणि मुधोजी व साबाजी या भावांत वारशाचं भांडण पेटलं. १७७३ च्या सुरुवातीला अकोल्याजवळ कुंभारीला लढाई झाली. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावला साबाजी मारला गेला आणि प्रश्न मिटला. मिटला तो भोसल्यांचा. साबाजीच्या बाजूने लढून पाय गमावलेल्या स्वाराने पाचगावनंतर पगार कोणाकडे मागायचा? ज्याच्याकडे मागायचा तो मेला आणि जो जिंकला त्याच्या विरुद्धच तर तो लढला होता. त्यात तो शिलेदार असेल तर घोडा त्याचा स्वतःचा. घोडा पडला म्हणजे भांडवलच गेलं. परक्या शत्रूशी लढलेल्या शिपायाला हा प्रश्न पडत नाही, यादवीतल्या शिपायाला पडतो. नेहमीच्या पुस्तकांत कुंभारी आणि पाचगाव या दोन ओळींत संपतात. त्या ओळींचे कर्ते भोसलेच असतात.

अर्ज : तक्रारीचा कागद

हाच प्रश्न जिथे कागदावर उतरला ते ठिकाण म्हणजे सतराव्या शतकातलं इंग्लंड. १६४२ ते १६५१ या काळात राजाची बाजू आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली. पार्लमेंटने सुरुवातीलाच जखमी शिपाई, विधवा आणि पोरकी मुलं यांची जबाबदारी कबूल केली. १६४७ मध्ये त्यासाठी जिल्हावार निवृत्तिवेतनाची सोय केली. जुना पाया १५९३ च्या कायद्याचा होता. त्यात साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त दहा पौंड अशी मर्यादा होती. शिपायाने वरिष्ठांचा दाखला आणायचा, जिल्ह्याच्या न्यायाधीशांच्या तिमाही बैठकीत अर्ज द्यायचा आणि त्यांनी जखम बघून रक्कम ठरवायची. सभासदाने सांगितलेली 'जखमेच्या मानाने' ही कल्पना इथे कचेरीत बसलेली दिसते.

पगाराचा प्रश्न वेगळाच. पार्लमेंटच्या नव्या सैन्यात पायदळ शिपायाला दिवसाला आठ पेन्स ठरले होते. १६४७ च्या वसंतात पायदळाचा सुमारे १८ आठवड्यांचा आणि घोडदळाचा सुमारे ४३ आठवड्यांचा पगार थकला होता. नंतर थकबाकीची प्रमाणपत्रं दिली गेली. शिपाई लोकांच्या घरी फुकट जेवला असेल तर त्याची वजावट आधी व्हायची. ही प्रमाणपत्रं राजाच्या जप्त जमिनींवर वटवायची होती. पण साध्या शिपायाला घरी जायचं होतं, हातात रोकड हवी होती. त्याने ती पडेल भावात विकली आणि अनेकदा घेणारे त्याचेच अधिकारी होते. कागदोपत्री थकबाकी फिटली, जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर लागली. तुम्ही फक्त सरकारी हिशेब वाचलात तर 'पगार चुकता झाला' असंच लिहाल.

आता अर्जांकडे या. अशा अर्जांचा मोठा साठा इंग्लंडमध्ये टिकला आहे आणि गेल्या काही दशकांत त्यावर चांगलं काम झालं आहे. मार्क स्टॉइल यांनी २००३ मध्ये राजाच्या बाजूच्या माजी शिपायांच्या अर्जांवर लेख लिहिला. त्यात त्यांनी हे अर्ज शिपायांची साक्ष म्हणून वाचले. ही वाट मला पटते. साध्या माणसाने लढाईबद्दल काय लक्षात ठेवलं हे कळायला दुसरं साधन फारसं नाही. पण या वाटेवर दोन खड्डे आहेत, ते बघून चाला.

पहिला खड्डा भाषेचा. अर्ज बहुतेक वेळा लेखनिकाने लिहिलेला. सगळ्यांत तेच नम्र शब्द, तीच निष्ठा, तीच काम न करता येण्याची लाचारी. काही मुलं म्हणतात, सगळे सारखे आहेत म्हणजे बनावट आहेत. तसं नाही. सारखेपणातून नियम कळतो : मदत मिळवायला काय सिद्ध करावं लागत होतं ते. नॅटली झेमन डेव्हिस यांचं 'फिक्शन इन द आर्काइव्ह्ज' हे १९८७ चं पुस्तक फ्रान्समधल्या माफीच्या अर्जांवर आहे. अर्ज ही घडवलेली गोष्ट असते आणि ती घडवण्यातच त्या काळाची माहिती दडलेली असते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. संकेताचा भाग बाजूला काढा आणि उरलेलं वाचा. शरीरात राहिलेली गोळी, सुटलेला धंदा, घरातली तोंडं, ही नियमाबाहेरची माहिती सोन्यासारखी.

दुसरा खड्डा सत्तांतराचा. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि १६६२ च्या कायद्याने मदत राजाच्या बाजूने लढलेल्यांसाठी झाली. पार्लमेंटच्या शिपायांचं निवृत्तिवेतन तुटलं. जखम तीच, हात तोच, पण पात्रता बदलली. आता विचार करा : यादवीत अनेक शिपाई पकडले गेले की बाजू बदलायचे. अशा माणसाने १६५० मध्ये अर्ज केला तर तो राजाकडची वर्षं सांगणार नाही आणि १६६३ मध्ये केला तर पार्लमेंटकडची. दोन्हीकडे लढलेल्या माणसासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही. 'शिपाई आपापल्या बाजूशी किती एकनिष्ठ होते' असा निष्कर्ष या अर्जांवरून काढणं म्हणजे यंत्राने जे गाळलं ते नव्हतंच, असं म्हणणं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही चूक ओळखीची वाटेल. गाळणीच्या भोकांचा आकार न सांगता कणांचा आकार छापायचा नसतो.

आपल्या भाषेतही शिपायांच्या अर्जाची परंपरा आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाले होते. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर त्यांनी १८९४ मध्ये सरकारसाठी विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. यात पैशांची थकबाकी नव्हती, मागितली होती ती नोकरीची वाट आणि मान. पण वाचण्याची रीत तीच. आम्ही सरकारसाठी लढलो, हे वाक्य पुन्हा पुन्हा का येतं? ऐकणाऱ्या कचेरीला कळणारी भाषा तीच होती म्हणून. त्या भाषेवरून अर्जदाराला इंग्रजांचा भाबडा भक्त ठरवणारे लेख मी वाचले आहेत. अर्जाचा मायना आणि अर्जदाराचं मन यांत फरक करता येत नसेल तर आपण आपल्या गाइडला लिहिलेल्या अर्जांवरूनही काय काय सिद्ध होईल, बघा.

तह : ज्यात शिपाई आकडा होतो

आता घरी येऊ. कौंडण्यपूर वर्धेच्या काठावर, अमरावती जिल्ह्याच्या बाजूला आहे. पलीकडे वर्धा जिल्हा. १८०३ मध्ये अडगावला भोसले हरले, गाविलगड पडला आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलुख निजामाकडे गेला. एकाच नदीचे दोन काठ दोन राज्यांत पडले. पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, अलीकडचा काठ कंपनीकडे गेला तो सैन्याच्या पगारापायी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पलीकडचा काठ १८५४ मध्ये खालसा झाला.

'सैन्याच्या पगारापायी' हे गाइडबुकातलं वाक्य आहे : निजामाने हैदराबाद कंटिन्जंटचा पगार थकवला म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड घेतलं. पाठ करायला सोपं. आता साखळी लावून बघा.

कोणाचा पगार? कंटिन्जंट ही निजामाच्या पैशांवर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज होती. एलिचपूर, हिंगोली अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात. निजामाचा भरणा मागे पडला की कंपनी आपल्या खजिन्यातून पगार भागवायची आणि रक्कम निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढवायची. म्हणजे १८५३ च्या तहात मागितलेली थकबाकी शिपायाची उरलेली नव्हती, ती सावकाराची झाली होती. खरे थकलेले शिपाई निजामाच्या स्वतःच्या फौजेत होते. त्यांच्या पगाराची सोय या तहाने केली नाही, उलट ज्या मुलखाच्या वसुलातून तो निघाला असता तोच गेला.

कोणत्या कबुलीवरून? १८०० च्या तहात युद्धाच्या वेळी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ द्यायचं कलम होतं. शांततेच्या काळात कायमची फौज पोसायची सक्ती त्यात नव्हती. हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीनेही मान्य केलं होतं. तरी २१ मे १८५३ रोजी तह झाला.

आणि तहात नावं कोणाची आहेत? तारण दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून काय काय भागवायचं त्याची यादी आहे. त्यात कंटिन्जंटचा पगार आहे, कर्जावरचं सहा टक्के व्याज आहे, आप्पा देसाईंची चौथ आहे, महिपतरामच्या कुटुंबाची नेमणूक आहे, काही मराठे पेन्शनर आहेत. ज्यांचा वशिला होता ते दावेदार नावानिशी आले. हजारो शिपाई 'कंटिन्जंट' या एका शब्दात आले. ज्याच्या नावाने सगळा व्यवहार झाला, त्याचं नाव घ्यायची गरज कोणालाच पडली नाही.

पुढे तर हिशेबाचा कागदच बंद झाला. १८६० च्या तहात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दोआब परत गेले, पण वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागायचा हक्क निजामाने सोडला. वऱ्हाडचा कापूस तेजीत येण्याच्या तोंडावर ही गोष्ट झाली, हे विसरू नका. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९०३ मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून गेली. म्हणजे ज्या फौजेच्या पगारासाठी तारण घेतलं ती फौजच वेगळी राहिली नाही आणि तारण मात्र परत आलं नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी भरलेला शेतसारा या हिशेबातला होता. म्हणून मला वाटतं, १८५३ हा विषय निजाम आणि कंपनी यांच्या भांडणाचा म्हणून शिकवणं अपुरं आहे. तो वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा आणि नावं नसलेल्या शिपायाचाही आहे.

मग करायचं काय?

मसुदा लिहिताना प्रत्येक पुराव्याशेजारी समासात एक शब्द लिहा : कबुली, हुकूम, पोच किंवा तक्रार. निष्कर्षातलं क्रियापद त्या शब्दाला धरून निवडा. कबुली असेल तर 'ठरवलं', हुकूम असेल तर 'मंजूर केलं', पोच असेल तरच 'मिळालं'. निम्म्या चुका एवढ्यानेच जातील.

दुसरं, तक्रारी सापडल्या नाहीत म्हणून सगळं आलबेल होतं असं लिहू नका. तीन शक्यता वेगवेगळ्या तपासा : पैसे मिळत होते, तक्रार करायला जागाच नव्हती, किंवा तक्रार धरण्याच्या रूपात झाली आणि दप्तरात आली नाही. उलट इंग्लंडसारख्या ठिकाणी तक्रारी ढिगाने मिळतात म्हणून तिथे शिपायाचे हाल जास्त झाले असंही म्हणता येत नाही. तिथे तक्रार घेणारी खिडकी उघडी होती, एवढंच त्यातून कळतं.

तिसरं, मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत, त्यांत हजेऱ्या आणि पगाराचे ताळेबंद आहेत. वऱ्हाड-हैदराबादच्या विषयाला मोडीबरोबर फारसीचीही गरज पडेल. कुंभारीच्या लढाईचं वर्णन नव्याने लिहिण्यापेक्षा त्या वर्षीच्या एखाद्या पथकाची हजेरी वाचणं अवघड आहे, पण पीएच.डी. त्यातून होते. हजेरीत ज्याच्या नावापुढे 'जखमी' असेल, तो पुढच्या हजेरीत आहे का, आणि त्याच्या नावापुढे रक्कम पडली आहे का, एवढंच आधी शोधा. पोचेचा कागद असलाच तर तिथेच असेल.